आधी ओल शोधा, मग बुरशी पुसा: कोल्हापुरातल्या घरांसाठी

श्रावणात जुन्या पेठेतल्या घराचं कपाट उघडलं की आधी वास येतो, कपडे नंतर दिसतात. कातडी चपलांच्या आतल्या बाजूला पांढुरकी लव आलेली असते, पट्ट्यावर हिरवट ठिपके, पलंगामागच्या भिंतीवर काळी नक्षी. घरचे फडक्यानं पुसतात, डांबरगोळ्या टाकतात, दसऱ्याला रंग मारतात. पुढच्या आषाढात सगळं पुन्हा जागच्या जागी.

बुरशीचे बीजाणू हवेत बाराही महिने असतात. ते घरात येऊच नयेत, असा उपाय जगात कुणाकडे नाही. माणसाच्या कातडीवरून, चपलेच्या मातीतून, नळाच्या पाण्यातून जंतू येतच राहतात, आणि त्यातले बहुतेक कोरड्या भिंतीवर पडून राहतात किंवा मरतात. ओल मिळाली की मात्र वाढतात. म्हणून या लेखात औषधाच्या बाटलीपेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचाही रोख हाच आहे: ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा, खोकला आणि श्वसनाच्या तक्रारी जास्त होतात, आणि खरा उपाय ओल थांबवण्यात आहे.

पायरी १: भिंत वाचा

गवंड्याला फोन करण्याआधी एक संध्याकाळ घरभर बॅटरी घेऊन फिरा. ओल कुठे आहे त्यावरून ती कुठून आली हे बरंचसं कळतं.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा, रंगाचे पोपडे आणि पांढरी भुकटी असेल, तर जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतंय. ही भुकटी म्हणजे लोणा, म्हणजे क्षार. ती बुरशी नव्हे. ओळखायला सोपं आहे: थोडी भुकटी पाण्याच्या थेंबात टाका. विरघळली तर क्षार, तंतू तसेच राहिले तर बुरशी. पश्चिमेच्या भिंतीवर मोठ्या पावसानंतरच डाग उमटत असतील तर ती झडीची ओल. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो आणि सगळ्यात जास्त मार तीच भिंत खाते. छतावर तपकिरी कड्यांचा डाग असेल तर वर स्लॅब, कोबा किंवा पाइप गळतोय. मोरीच्या मागच्या खोलीत डाग असेल तर मोरीतलं वॉटरप्रूफिंग गेलंय. आणि कपाटामागे, कोपऱ्यात, गाद्यांच्या ढिगामागे नुसते काळे ठिपके असतील, भिंत हाताला फार ओली लागत नसेल, तर तिथे हवाच फिरत नाही.

शेवटच्या दोन प्रकारांत गोंधळ होतो, त्यासाठी प्लॅस्टिकची चाचणी करा. दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. पाण्याचे थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतली हवाच दमट आहे. एवढं माहीत असलं की मिस्त्रीशी बोलताना आपली बाजू पक्की होते. नाहीतर प्रत्येक ओलीवर "वॉटरप्रूफ रंग मारूया की" हे एकच उत्तर मिळतं.

आर्द्रता मोजायचा छोटा काट्याचा किंवा डिजिटल मीटर काही शेकड्यांत मिळतो. एक घ्या. भिंतीलगतची हवा बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की बहुतेक बुरशींना पुरतं. पुस्तकं सांगतात खोलीत ६० च्या खाली ठेवा. जुलैत कोल्हापुरात एसीशिवाय तो आकडा दिसणार नाही, उगीच जिवाला घोर लावून घेऊ नका. ८० च्या खाली राहिलात तरी पुष्कळ झालं.

पायरी २: पाणी अडवा

गळका पाइप, फुटलेलं कौल, तुंबलेलं पन्हाळ, गच्चीच्या कठड्याची भेग ही कामं उन्हाळ्यात करायची, मृगाच्या आधी. यात शिकवण्यासारखं फार नाही, आळस तेवढा आडवा येतो.

खालून चढणारी ओल मात्र किचकट आहे. पेठांमधल्या कित्येक घरांचं जोतं बांधलं तेव्हा रस्त्याच्या वर होतं. दर वेळी डांबरीकरणाचा नवा थर पडत गेला, रस्ता वर आला, आणि आता पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशी उभं राहतं. आधी ते पाणी लांब न्या: भिंतीलगत उताराची फरशी, उघडी नाली, पागोळ्यांचं पाणी थेट नालीत. दगड-मातीच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतीला बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा केला असेल तर तोच अनेकदा खरा गुन्हेगार असतो. मातीची भिंत पाणी पिते आणि उडवून टाकते. सिमेंटचा पापुद्रा ते उडू देत नाही, मग ओल तीन फुटांऐवजी सहा फुटांवर जाऊन बाहेर पडते. अशा भिंतीवरचा सिमेंट गिलावा काढून चुन्याचा करून घ्या. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी राहिलेत, पण शोधलं तर सापडतात.

ताज्या चुन्याचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो आणि त्यात बुरशीला रुजणं जवळपास अशक्य. वर्षभरात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हा गुण ओसरतो. दर दिवाळीला भिंतीला चुना देणाऱ्या आपल्या आज्ज्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक असण्याची गरज नव्हती, काम मात्र चोख होत होतं. आज डब्यावर 'अँटी-बॅक्टेरियल' लिहिलेला महाग रंग त्याच ओल्या भिंतीवर मारतात. तो रंग फार तर स्वतःच्या थराचं रक्षण करतो. मागच्या ओलीला त्याचं काही सोयरसुतक नसतं, ती फुगे काढून बाहेर येतेच.

पायरी ३: पुराचं पाणी आत शिरलं असेल तर

हा भाग कोल्हापूरकरांसाठी वेगळा लिहावाच लागतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा धोक्याच्या पातळीच्या बारा फुटांहून जास्त वर गेली आणि हजारो घरांच्या भिंती पाणी प्यायल्या. अशा घरात परतताना क्रम महत्त्वाचा आहे.

आत जाण्याआधी मेन स्विच बंद. वायरमननं तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका. मातीच्या भिंतीला फुगवटा किंवा आडवी भेग दिसली तर आत पाऊलच टाकू नका, आधी जाणकाराला दाखवा. पंचनाम्यासाठी पाण्याच्या रेषेसकट फोटो काढा. गमबूट आणि हातमोजे घाला: गाळात उंदराचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाच्या छोट्या जखमेतूनही लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना 'पुराच्या पाण्यात गेलो होतो' हे स्वतःहून सांगा.

गाळ ओला असतानाच फावड्यानं काढा. वाळला की धूळ होते आणि तीच छातीत जाते. मग साध्या पाण्यानं आणि साबणाच्या पाण्यानं फरशी धुवा, आणि त्यानंतरच जंतुनाशक. पुष्कळजण चिखलावरच ब्लीचिंग पावडर फेकतात. चिखलातल्या सेंद्रिय घाणीत क्लोरीन खर्च होऊन जातं, जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. धुतलेल्या फरशीसाठी दहा लिटरच्या बादलीत साधारण १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या, वरची निवळी पसरा आणि दहा मिनिटांनी धुवा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. आणि संडास साफ करायचं ॲसिड या निवळीत कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो, मोरीसारख्या बंदिस्त जागेत जिवावर बेतू शकतं.

काय ठेवायचं, काय टाकायचं? कापसाच्या गाद्या, उशा, फुगलेलं प्लायवूड, कागद चिकटवलेले जिप्समचे बोर्ड गेलेच समजा. लग्नातली गादी टाकताना जीव तुटतो, पण तिच्या पोटातला कापूस पुन्हा कोरडा होत नाही. सागवानी दार-पलंग, स्टील, पितळ, प्लॅस्टिक धुऊन ठेवता येतं. लाकूड सावलीत वाळवा, उन्हात तडकतं.

विटांच्या भिंतीवरचा गिलावा पाण्याच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत फोडून काढला तर भिंत लवकर श्वास घेते. मातीच्या भिंतीवर प्रेशरनं पाणी मारू नका आणि हीटर लावून घाईही करू नका. भिंत वाळायला किती दिवस लागतात? जुन्या इमारतींच्या दुरुस्तीतला एक ठोकताळा आहे: एका बाजूनं वाळणाऱ्या भिंतीला दर इंच जाडीमागे सुमारे एक महिना. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असेल तर चार-पाच महिने. दीड फुटी जुनी भिंत वर्षाच्या जवळ जाते.

आता कॅलेंडर बघा. पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, दसरा-दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सणाला रंग हवा म्हणून माणसं नेमकं अर्धओल्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट चढवतात आणि ओल आत कोंडून ठेवतात. त्यापेक्षा दिवाळीला पातळ चुन्याचा हात द्या. घर उजळतं आणि भिंतही वाळत राहते. आपला हिवाळा कोरडा असतो, तो फुकटात काम करतो. फेब्रुवारीत प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा करा आणि गिलावा-रंग गुढीपाडव्याच्या आधी उरका.

पायरी ४: बुरशी काढताना

साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी काढता येतो. त्यापेक्षा मोठा असेल, किंवा घरात दम्याचा, मधुमेहाचा, केमो घेतलेला पेशंट असेल, तर ते काम दुसऱ्या कुणीतरी करायचं आणि त्या वेळी पेशंट घराबाहेर.

कोरड्या केरसुणीनं किंवा ब्रशनं खरवडू नका. एका झटक्यात बीजाणूंचा ढग उठतो. नाका-तोंडावर एन-९५ मास्क, खोलीचं आतलं दार बंद, खिडकी उघडी. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा, फडकं फेकून द्या, मग पंखा लावून भिंत वाळवा. ब्लीचनं डाग पांढरा पडतो, म्हणून बुरशी गेली असं वाटतं. सच्छिद्र गिलाव्यात आतवर गेलेले धागे तसेच राहतात आणि मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी करते. पुसून काढणं हेच मुख्य काम. कापूर-धुपानं वास झाकला जातो, धूर तेवढा फुफ्फुसात वाढतो.

पायरी ५: हवा फिरती ठेवा

"बाहेर मुसळधार पाऊस, आर्द्रता नव्वद, मग खिडकी उघडून काय उपयोग?" हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो आणि रास्त आहे. पण घरातली ओल आपणही तयार करतो. मशीनभर धुतलेले कपडे आत वाळत घातले तर दोनेक लिटर पाणी हवेत जातं, शिवाय आंघोळ आणि स्वयंपाक. ते बाहेर घालवायला वाट हवी. पश्चिमेच्या खिडक्या बंद आणि पूर्वेच्या किलकिल्या ठेवा. उघडीप मिळाली की समोरासमोरच्या सगळ्या खिडक्या सताड. आंघोळीनंतर वीस मिनिटं एक्झॉस्ट चालू. कपडे आतच वाळवायचे असतील तर एका खोलीत, पंख्याखाली, खिडकी उघडून, आणि झोपायच्या खोलीत तर नकोच. कपाटं, पलंग, धान्याचे डबे बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा. एवढ्या फटीनं किती फरक पडतो ते एका पावसाळ्यातच दिसतं.

हवेचा प्रश्न बुरशीपुरता नाही. क्षयरोग हवेतून पसरतो, आणि त्याबाबतीत २००७ साली पेरूमधल्या लिमा शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ रुग्णालयांत मोजणी केली, तर उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत खिडक्या उघडल्यावर हवा इतक्या वेगानं बदलत होती की यंत्रानं हवा खेळवणाऱ्या खोल्या मागे पडल्या. आपल्या सी.पी.आर. रुग्णालयाची जुनी दगडी इमारत आठवा, तशीच उंची आणि तशाच खिडक्या. आणि आता शहरातल्या काही क्लासच्या खोल्या आठवा: खिडकीला काच पक्की बसवलेली, एसी तोच वारा फिरवतोय आणि बाकावर पोरं खेटून. अशा खोलीत कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवून बघा. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. खोलीत हजाराच्या बराच वर गेला म्हणजे आपण एकमेकांचा उच्छ्वास आत घेतोय.

उजेडाचीही मदत होते. ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली घरातली धूळ छोट्या खोक्यांत ठेवून पाहिली. अंधारातल्या धुळीत सुमारे १२ टक्के जिवाणू जिवंत राहिले, काचेतून आलेल्या दिवसाच्या उजेडात ७ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा दिवसभर जाड पडदे ओढून ठेवू नका. गाद्यांना ऊन दाखवायची आपली रीत तर उत्तमच, उन्हानं धुळीतले किडेही कमी होतात.

पायरी ६: मोरी, टाकी, सोलर

२००३ मध्ये हाँगकाँगच्या 'अमॉय गार्डन्स' या इमारतसमूहात सार्स या श्वसनाच्या साथीच्या आजाराची लागण ३०० हून अधिक जणांना झाली. तपासात एक कारण सापडलं ते मोरीच्या जाळीखाली: ट्रॅपमधलं, म्हणजे पाइपातली हवा अडवायला पाणी साठून राहतं त्या भांड्यातलं, पाणी सुकलेलं होतं, त्यामुळे मैलापाण्याच्या पाइपमधली हवा एक्झॉस्टच्या ओढीनं थेट घरांत येत होती. आपला नहाणी ट्रॅप तसाच असतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा फ्लॅट बंद असेल, पाहुण्यांची मोरी वापरात नसेल, तर आठवड्याला एक तांब्या पाणी जाळीत ओता. याहून स्वस्त आरोग्यसेवा मला माहीत नाही.

सोलरच्या पाण्याकडे आपलं लक्ष नसतं. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात संमेलनाला आलेल्यांना न्यूमोनिया झाला, पुढच्या वर्षी त्यामागचा जिवाणू सापडला: लिजिओनेला. तो कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो, ६० च्या वर टिकत नाही, आणि शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसात जातो. पावसाळ्यात ऊन नसलं की सोलरची टाकी आठवडेच्या आठवडे नेमकी कोमट असते. बॅकअप हीटर असेल तर आठवड्यातून एकदा पाणी ६० च्या वर तापवून नळातून सोडा, अंगावर न घेता. गावाहून आलात की शॉवर दोन मिनिटं चालू सोडून बाहेर थांबा. जाळीवरचे क्षार व्हिनेगरमध्ये भिजवून काढा.

गच्चीवरची टाकी वर्षातून दोनदा धुवा. पुराचं किंवा गटाराचं पाणी शिरलं असेल तर घासून झाल्यावर भरून, हजार लिटरला साधारण १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडरची निवळी टाकून रात्रभर ठेवा, मग ते सगळं पाणी सोडून द्या. हे पाणी प्यायचं नाही.

भिंतीपलीकडचे धोके

सगळी कारणं भिंतीत नसतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय नोंदणीत फुफ्फुस कडक होण्याच्या आजाराचे हजारावर रुग्ण तपासले. जवळपास निम्म्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या बुरशी, पक्ष्यांची विष्ठा अशा गोष्टींवर फुफ्फुसाची उठलेली प्रतिक्रिया. त्यात कूलरच्या हवेत राहणारे पुष्कळ होते. कूलर असेल तर पाणी रोज बदला, आणि डक्टमधल्या कबुतरांना दाणे घालून पुण्य मिळवू नका. कारखान्याच्या आणि गुऱ्हाळाच्या जिल्ह्यात आणखी एक नाव माहीत असावं: बगॅसोसिस. भिजून तापलेल्या, कुजलेल्या उसाच्या चिपाडात उष्णता आवडणारे जिवाणू वाढतात आणि त्या धुळीनं हाच आजार होतो. चिपाडाची गंजी घराच्या वाऱ्याच्या दिशेला रचू नका, जुनी गंजी उकरताना मास्क लावा. आणि बुरशी लागलेले शेंगदाणे निवडून, भाजून कूट करणं बंद करा: त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही.

आता उलट बाजू. २०१६ साली अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना प्रसिद्ध झाली. अमिश लोकांच्या घराला खेटून गोठा, हटराइट लोकांची शेती यांत्रिक आणि घरापासून लांब. अमिश मुलांत दम्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत सुमारे २१. अमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंचे अंश कितीतरी जास्त होते. त्यामुळे गंगावेशीत म्हशीची धार बघत दूध पिणाऱ्यांनी किंवा तालमीच्या लाल मातीत लोळणाऱ्या पोरांच्या आयांनी लगेच घाबरू नये. मातीत ताक, हळद, लिंबू कालवणारे वस्ताद मातीची निगाच राखतात. तालमीत नायटा पसरतो तो बहुधा ओल्या लंगोटातून आणि सामायिक टॉवेलातून. घर रोज जंतुनाशकानं पुसायची गरज नाही, साधी ओली फरशी पुरते.

नवं बांधत असाल तर

आर्किटेक्टला नकाशा काढायच्या आधी चार गोष्टी सांगा. जोतं रस्त्याच्या आजच्या नव्हे, वीस वर्षांनंतरच्या उंचीचा अंदाज घेऊन ठेवा आणि त्यावर डीपीसीचा, म्हणजे जमिनीतली ओल वर चढू न देणारा थर सलग हवा. प्रत्येक खोलीला शक्यतो दोन भिंतींत खिडक्या, आणि उघडणारा भाग फरशीच्या एक षष्ठांशाच्या आसपास. सरकत्या काचांच्या खिडक्यांत निम्मीच उघडते, हिशोब त्या निम्म्याचा करा. पश्चिमेला दीड-दोन फुटांचा छज्जा, आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटायची खाच. ती नसली की थेंब छज्ज्याच्या पोटावरून चालत भिंतीवर येतात. मोऱ्या एकावर एक आणि बाहेरच्या भिंतीला, म्हणजे प्रत्येकीला खरी खिडकी मिळते. पूररेषेच्या आतला प्लॉट असेल तर तळमजल्याला प्लायवूडची कपाटं आणि जिप्समचं सजावटकाम नकोच, आणि विजेचे बोर्ड २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर.

मोरीचं वॉटरप्रूफिंग झालं की तोंडं बंद करून तिथे तीन दिवस पाणी तुंबवा, पातळीची रेघ पेन्सिलनं मारून ठेवा आणि खालून स्लॅब बघत राहा. रेघ चांगलीच खाली गेली किंवा खाली डाग दिसला तर ठेकेदाराकडून काम पुन्हा करून घ्या. फरशीवाल्याला तोवर बोलावू नका.